स्कीमवाला

रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीवर इस्त्रीचा शर्ट आणि पॉलिश केलेले बूट घालून फार थोडी माणसं येतात. बँकेचा वसुलीवाला येतो, मत्स्य खात्यात नवीन बदलून आलेला साहेब येतो आणि स्कीमवाला येतो. पहिले दोघे एका फेरीत शहाणे होतात. बर्फाचं पाणी, सांडलेलं डिझेल आणि म्हावऱ्याचे खवले हे सगळं एकत्र होऊन एकदा मोज्यात शिरलं की दुसऱ्या खेपेला ते सँडल घालतात आणि पँट दोन दुमडी वर घेतात. स्कीमवाला मात्र बारा महिने बुटात. बूट बघून गिऱ्हाईक विश्वास टाकतं, असं त्याला कोल्हापूरच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं आहे, आणि ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं त्याला वेदवाक्य. मिरकरवाड्यात बूट बघितल्यावर गिऱ्हाइकाला आपला थकलेला हप्ता आठवतो, हे ट्रेनिंग देणाऱ्याला ठाऊक नसावं.

तो विकतो मासिकं. पाठीवरच्या बॅगेत आरोग्याचं एक, स्वयंपाकाचं एक, स्पर्धा परीक्षांचं एक, मुलांचं एक आणि गुळगुळीत कागदावरचं एक इंग्रजी साप्ताहिक, असा संसार असतो. पण मासिकाचं नाव तो सगळ्यात शेवटी घेतो, कधी कधी घ्यायचं राहूनच जातं. अंक उघडून आत काय आहे ते दाखवताना त्याला अजून कुणी पाहिलेलं नाही. तो उघडतो ते लॅमिनेशन केलेलं तक्त्याचं पान. त्यावर लाल चौकटीत सूट, पिवळ्या चौकटीत भेटवस्तू आणि खाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत अटी. या पानामुळेच वाड्यात त्याचं नाव स्कीमवाला पडलं. खरं नाव गळ्यातल्या कार्डावर असतं, पण कार्ड नेहमी उलटं लटकलेलं असतं.

त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं. ‘‘अभिनंदन! यादीत तुमचं नाव आलेलं आहे.’’

हे वाक्य पुण्याच्या सोसायटीत कसं चालतं माहीत नाही, मिरकरवाड्यात फार जोरात चालतं. नाखवा खुर्ची पुढे ओढतो, घरात चहाची ऑर्डर जाते. कारण मच्छीमाराच्या आयुष्यात यादी म्हटली की ती सरकारकडून येणाऱ्या डिझेल परताव्याची. तो परतावा इतका थकतो की त्याची वाट पाहणं हा एक जोडधंदा झालेला आहे. ‘‘आला काय? किती जमा झाला?’’ नाखवा विचारतो. स्कीमवाला सांगतो की परतावा नाही, संपूर्ण रत्नागिरीतून निवडलेल्या मोजक्या भाग्यवान कुटुंबांत आपली निवड झालेली आहे. निवड कुणी केली, कशावरून केली, आणि पलीकडच्या तिन्ही घरांत तेवढेच भाग्यवान कसे निघाले, हे विचारण्याआधी चहा आलेला असतो. चहा आला की माणसाला उठवता येत नाही. कोकणातल्या या सौजन्यावर किती कंपन्यांचे सेल्समन जगले असतील, त्याची गणती नाही.

मग वाचनाचं महत्त्व. ‘‘ही लोकमान्यांची जन्मभूमी! त्यांनी १८८१ साली ‘केसरी’ काढला तो कशासाठी?’’ वाड्यातल्या एका म्हाताऱ्या तांडेलाने यावर शांतपणे विचारलं होतं, ‘‘तवा डिनर सेट दिला होता काय सोबत?’’ स्कीमवाला क्षणभर गप्प झाला. त्याच्या पानावर डिनर सेट होता, पण तो पाच वर्षांच्या योजनेत होता.

तीन वेळा ‘हो’ म्हणवून घेणं हा पुढचा टप्पा. ज्ञान वाढावं असं वाटतं ना? मुलं पुढे जावीत असं वाटतं ना? पैसे वाचावेत असं वाटतं ना? तीन ‘हो’ मिळाले की चौथं आपोआप येतं, असा त्याचा शास्त्रोक्त समज आहे. जेटीवर पाटी मांडून बसलेल्या बाईने पहिल्या दोन्हींना हो म्हटलं आणि तिसऱ्याला म्हणाली, ‘‘वाटतं रे बाबा. म्हणून तर तुझ्याशी बोलत नाय. सरक, मागं गिऱ्हाईक हाय.’’

आता इथे जेटीवरचा भाव समजून घेतला पाहिजे, नाहीतर स्कीमवाल्याचं दुःख कळणार नाही. बोटीवरून उतरलेला माल लिलावात जातो, तिथे भाव खालून वर चढतो. किरकोळ विकणाऱ्या बायकांकडे तोच वरून खाली उतरतो. पहिला भाव बोलायचा असतो, द्यायचा नसतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. त्यामुळे ‘छापील किंमत ३६००, आपल्यासाठी फक्त ९९९’ हे ऐकून दुसरीकडे बायका ‘अगोबाई’ म्हणत असतील, इथे कुणी म्हणत नाही. इथे विचारतात, ‘‘बरं. आणि देण्याचा भाव?’’

एकदा एका पाटीवाल्या मावशीशी झालेला हिशेब जेटीवर अजून सांगतात. स्कीमवाल्याने बर्फाच्या खोक्यावर लॅमिनेशनचं पान टेकवलं आणि बोट फिरवत सुरुवात केली. अंकाची किंमत शंभर. वर्षाला बारा अंक, म्हणजे बाराशे. तीन वर्षांचे छत्तीसशे. तुम्ही भरणार फक्त ९९९. म्हणजे २६०१ रुपये वाचले, ७२ टक्के सूट! शिवाय मनगटी घड्याळ फ्री, त्याची किंमत १४९९. ‘‘म्हणजे मावशी, तुमचा एकूण फायदा किती झाला? ४१०० रुपये!’’

मावशीने कोयता पुसला. लिलावाचे आकडे तोंडी करण्यात तिची हयात गेलेली. ती म्हणाली, ‘‘माझा फायदा ४१००?’’

‘‘हो!’’

‘‘नक्की?’’

‘‘शंभर टक्के!’’

‘‘मग त्यातनं तुझे ९९९ कापून घे, आणि ३१०१ माझ्या हातात ठेव. मासिक पण नको तुझं.’’

स्कीमवाल्याने तक्त्याचं पान उलटून पाहिलं. मागे काही छापलेलं नव्हतं.

एवढ्यावर ती थांबली नाही. पाटीतली सुरमई उचलून तिने त्याच्याच सुरात सांगितलं की हिची छापील किंमत दोन हजार, पण तुझं नाव यादीत आल्यामुळे तुला आठशेला, ६० टक्के सूट, वर चार बांगडे फुकट, आणि ही योजना फक्त भरती येईपर्यंत. आजूबाजूच्या बायका हसून हसून आडव्या. स्कीमवाल्याने सुरमई घेतली. तो लॉजवर राहतो आणि तिथे चूल नाही, हे त्याला लॉजवर पोहोचल्यावर आठवलं असावं. बांगडे मात्र चार नव्हते, तीन होते. अटी लागू.

घड्याळाचंही सांगायला हवं. गेल्या हंगामात एका तांडेलाने खरोखरच वर्गणी भरली, ती केवळ घड्याळासाठी. डब्यावर ‘वॉटरप्रूफ’ असं चांदीच्या अक्षरांत होतं. काचेवरची प्लॅस्टिकची पापुद्री त्याने काढली नाही, नव्या वस्तूची काढायची नसते. पट्टा चामड्यासारखा दिसणारा होता आणि घामाने मनगटावर तपकिरी रंग सोडत होता. पहिल्याच फेरीत जाळं ओढताना लाटेचं पाणी अंगावर आलं. संध्याकाळी पाहिलं तर काचेच्या आत बारीक थेंब जमलेले आणि सेकंदाचा काटा एकाच जागी थरथरतोय, पुढे जायचं धाडस होत नसल्यासारखा. त्याने तक्रार केली नाही. वेळ बघायला बोटीवर जीपीएस आहे, हे घड्याळ त्याने देव्हाऱ्याजवळच्या खिळ्याला अडकवलं. अंकांचं विचाराल तर पहिला अंक आला तो स्वयंपाकाचा, त्याने मागवला होता आरोग्याचा. आणि तोही श्रावण विशेषांक, कांदा-लसणाशिवायचे एकशे एक पदार्थ. घरातल्या बाईने एकदा चाळला आणि त्यात सुके बोंबील बांधून मुंबईला नणंदेकडे पाठवले.

पुढचे अंक पावसात यायचे ते आले नाहीत. अंकात आतल्या पानावर बारीक सूचना असते, की अंक न मिळाल्यास प्रथम आपल्या पोस्टात चौकशी करावी. पोस्टमन म्हणतो, आलं तर देणार, न आलेलं कुठून देऊ? यात त्या बिचाऱ्याला दोष देता येत नाही. नोंदणीकृत वृत्तपत्राला पन्नास ग्रॅमपर्यंत पंचवीस पैशांत देशभर फिरवायचं काम पोस्ट करत आलेलं आहे. मासिकाच्या धंद्यात खरी सवलत कुणी देत असेल तर ती ही, आणि तिची जाहिरात कुणी करत नाही.

स्कीमवाल्याचा सर्वांत आवडता शब्द ‘शेवटचा दिवस’. त्याची ऑफर आज संध्याकाळी सहाला संपते. गेल्या वर्षीही ती संध्याकाळी सहालाच संपली होती, दिवाळीतही संपली होती, आणि गणपतीत तर दोनदा संपली. दुसऱ्या कुठल्या गावात लोक घाईघाईने पाकीट काढत असतील. पण मिरकरवाड्याला खरा शेवटचा दिवस माहीत आहे. तो ३१ मे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, मग तुम्ही कितीही मोठे नाखवा असा. पर्ससीन जाळ्यांना परवानगीची मुदत त्याहून आखूड, सप्टेंबर ते डिसेंबर. ज्यांचं पोट अशा तारखांवर चालतं, त्यांना संध्याकाळी सहाची भीती घालता येत नाही. ‘‘उद्या ये,’’ ते सांगतात, ‘‘उद्या पण शेवटचाच असेल.’’ आणि तो येतो, हे त्याचं मोठेपण.

पावसाळ्यात त्याची वेगळीच अडचण. बोटी शाकारलेल्या, माणसं पडवीत जाळी दुरुस्त करत बसलेली. सगळ्यांना वेळच वेळ. त्याचं सगळं भाषण शेवटपर्यंत ऐकून घेतात, मध्ये शंका विचारतात, ‘ते आधीचं परत सांग’ म्हणतात. पैसा मात्र कुणाकडे नसतो. सप्टेंबरात पैसा खेळू लागतो, तेव्हा त्याला ‘अभिनंदन’मधला ‘अ’ उच्चारायलाही कुणी वेळ देत नाही. एकदा त्याने बोटीवरच्या नेपाळी खलाशालाच गाठलं. पोरगा हसतमुख, सगळ्याला ‘हो’ म्हणणारा, तीन काय तेरा वेळा ‘हो’ म्हणाला. फॉर्मवर पत्ता लिहायची वेळ आली तेव्हा त्याने बोटीकडे बोट दाखवलं. स्कीमवाल्याने नेटाने बोटीचा नोंदणी क्रमांक लिहून घेतला आणि पिनकोडच्या चौकोनांपाशी थांबून समुद्राकडे बघत राहिला.

नाखव्यांचा आक्षेप याहून मूलभूत आहे. हंगामाआधी खलाशांना उचल द्यावी लागते. हजारो रुपये आगाऊ मोजायचे आणि १ ऑगस्टला माणूस बोटीवर उभा राहतो की नाही, याची वाट बघायची. उचल घेऊन मध्येच नाहीसा झालेल्या खलाशाच्या कथा प्रत्येक घरात आहेत. अशा माणसाला तीन वर्षांचे पैसे आज भरा म्हणून सांगणं म्हणजे फारच झालं. ‘‘छत्तीस अंकांची उचल?’’ एक नाखवा म्हणाला, ‘‘खलाशाचं गाव तरी मला ठाऊक असतं. तुझ्या संपादकाचं गाव कुठलं?’’

तशी आगाऊ वर्गणी मराठीला नवी नाही. जुन्या मासिकांच्या पानांवर दोन दर छापलेले असत, आगाऊ भरणाऱ्याला एक आणि मागाहून देणाऱ्याला चढा. म्हणजे सवलत तेव्हाही होती, पण ती वेळेवर पैसे देण्याबद्दल होती, यादीत नाव आल्याबद्दल नव्हती. थकलेल्या वर्गण्यांपायी बंद पडलेली नियतकालिकं आपल्याकडे कमी नाहीत. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली दिवाळी अंक काढला, पुढे ‘वार्षिक वर्गणीदारास दिवाळी अंक वेगळा आकार न घेता’ हे आमिष चालत आलं, आणि ते मला अजूनही सभ्य वाटतं. अंकाच्या बदल्यात अंकच मिळतो, ट्रॉली बॅग नाही. आजही काही छोटी मासिकं ‘आपली वर्गणी या अंकाबरोबर संपत आहे’ अशी एक शिक्क्याची ओळ उमटवतात आणि हात जोडून बसतात. त्यांना पैसे जरूर पाठवावेत. त्यांच्याकडे बूटवाला माणूस ठेवायची ऐपत नसते, हीच त्यांची खूण.

७२ टक्के सूट देणाऱ्यांचं गणित निराळं. मोठ्या मासिकाला वाचकाच्या ९९९ रुपयांपेक्षा त्याच्या नावाचं महत्त्व जास्त. जितका खप तितका जाहिरातीचा दर. हा खप मोजून दाखला देण्यासाठी आपल्याकडे १९४८ पासून ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था आहे, आणि तिचे आकडे सहा-सहा महिन्यांचे असतात. खपाचा आकडा वर गेला की जाहिरातदारासमोर छाती काढून बसता येतं. तेव्हा आपण अंक विकत घेतला असं वर्गणीदाराला वाटतं, आणि तिकडे तोच विकला गेलेला असतो. हे त्या म्हाताऱ्या तांडेलाला कुणीतरी समजावून सांगितलं. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, ‘‘म्हणजे गळाला लावलेली कोळंबी. पण आम्ही कोळंबीचे पैसे माशाकडून घेत नाय. हे तर माशाकडनं ९९९ पण घेतात.’’

‘तुमची निवड झाली आहे’ हे वाक्यसुद्धा कोल्हापूरचं नव्हे. ते अमेरिकेतून आलेलं आहे. तिथे पब्लिशर्स क्लिअरिंग हाऊस नावाची कंपनी १९५३ पासून मासिकांच्या वर्गण्या विकत आली. पुढे तिने लाखो डॉलरांच्या बक्षिसांची सोडत जोडली, आणि वर्गणी भरली की सोडतीत नंबर लागतो असं वाटून कितीतरी म्हाताऱ्याकोताऱ्यांनी न वाचायच्या मासिकांचे ढीग लावले. सोडतीत भाग घ्यायला काहीही विकत घ्यावं लागत नव्हतं, पण ते सहज कळू नये अशीच मांडणी होती, असं म्हणत तिथल्या सरकारी आयोगाने २०२३ साली कंपनीला १ कोटी ८५ लाख डॉलर मोजायला लावले. आपला स्कीमवाला या घराण्यातला अगदी धाकटा, लांबचा पुतण्या. वारशात त्याला फक्त वाक्य मिळालं, डॉलर नाहीत.

आणि त्याचा राग येत नाही तो म्हणूनच. त्याच्या खिशात एक घडी घातलेला कागद असतो, त्यावर महिन्याचं टार्गेट. वर्गण्या झाल्या तर कमिशन, नाही झाल्या तर एसटीचं भाडंही अंगावर. शनिवारी संध्याकाळी स्टँडवर कोल्हापूरच्या गाडीची वाट बघत तो मोजे पिळत बसलेला असतो, तेव्हा शेजारच्या माणसालाही सवयीने विचारतो, ‘‘साहेब, वाचनाची आवड आहे ना?’’ स्वतः काय वाचतोस, असं त्याला एकदा विचारलं तर म्हणाला, ‘‘वेळ कुठे मिळतो? घरी अंक पडलेत की.’’ अंक कसले? न खपलेले नमुन्याचे. त्याच्या बायकोने ते कप्प्यांत पसरलेत, वर वाट्या आहेत.

त्याला खरी धास्ती आहे ती जिल्हा नगर वाचनालयाची. १८२८ सालची संस्था, म्हणजे ‘दर्पण’ वृत्तपत्र निघालं त्याच्याही चार वर्षं आधीची. किरकोळ वर्गणीत तिथे मासिकं वाचायला मिळतात, घड्याळ मिळत नाही आणि नाव यादीत आपण होऊन घालावं लागतं. मिरकरवाड्यातली कॉलेजात जाणारी एक मुलगी तिथली सभासद आहे हे कळल्यावर स्कीमवाल्याने तिच्या घराचं दार पुन्हा वाजवलं नाही.

हल्ली मात्र त्याची कंपनी त्याला कमी पाठवते. पायी फिरणाऱ्या माणसापेक्षा फोन स्वस्त पडतो. आता गोड आवाजाची मुलगी बोलते, पहिला महिना एक रुपया म्हणते, लिंक पाठवते आणि आलेला आकडा वाचून दाखवायला सांगते. एक रुपयाचे पुढच्या महिन्यापासून किती होतात ते सांगायला तिला वेळ नसतो. बंद करायचं बटण शोधायला मुलाला पुण्याहून बोलवावं लागतं. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या मांडणीच्या तेरा युक्त्यांची यादी काढून त्यांना मनाई केली. ‘शेवटचा दिवस’ म्हणून खोटी घाई करणं हे त्या यादीत आहे, आणि शिरायला सोपी, निघायला अवघड अशी वर्गणीही आहे. या एका यादीत स्कीमवाल्याचं नाव खरोखर आलेलं आहे, पण अभिनंदन करायला कुणी गेलेलं नाही.

तेव्हा तो तुमच्या दारी आलाच तर बसायला सांगा, बूट बाहेर काढायला सांगा, चहा द्या. त्याचं गणित ऐकून घ्या आणि वर सांगितल्याप्रमाणे ३१०१ रुपये मागा. फोनवर आलेला ओटीपी त्याला किंवा त्या मुलीला काहीही झालं तरी सांगू नका. पैसे गेलेच असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर लावा. तो टोल-फ्री आहे. या लेखात आलेली खरोखर फुकट अशी तेवढी एकच गोष्ट.